पहिला ग्लास निवृत्तीकाकांचा

महाशिवरात्रीला हर्सूलच्या आमच्या महादेवाच्या देवळात भांगेसाठी रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी निवृत्तीकाका स्वस्थ बसलेले असायचे. पहाटे स्वतः घोटलेल्या थंडाईचा नैवेद्य दाखवला की पहिला ग्लास ते स्वतः घेत आणि मग तब्बल दोन तास पातेल्याच्या झाकणाला कुणाला हात लावू देत नसत. माणसं कुरकुरत, त्यात मी सगळ्यांत पुढे. "आधी मला काय व्हतंय ते बघू दे, मंग तुम्ही घ्या," एवढंच काका म्हणत.

काका एका दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरी संपली, पण अंगातला कंपाउंडर काही गेला नाही. बीपीची गोळी चालू आहे का, हे प्रत्येकाला विचारत. उपाशीपोटी आलेल्याला आधी साबुदाण्याची खिचडी खावी लागे. गाडीची चावी नंदीपुढच्या ताटात ठेवल्याशिवाय ग्लास मिळत नसे, आणि ती परत मिळे थेट संध्याकाळच्या आरतीनंतर. एकदा मी लाडीगोडी लावून दुसरा ग्लास मागितला.

"पहिला देवाच्या नावानं घ्यायचा," काका म्हणाले. "दुसरा तुझ्या नावाचा. तो माझ्याकडं नाय मिळत."

तेव्हा चांगलाच राग आला होता. काका जाऊन आता तीन वर्षं झाली. तो राग आठवला की हसू येतं.

शेवटी शेवटी त्यांना विसर पडू लागला होता. एकच गोष्ट दोनदा सांगत, वाटेत थांबून कुठं निघालो होतो ते आठवत राहत. घरी मात्र ताकास तूर लागू देत नव्हते. या सेवेवर त्यांचा जीव होता आणि विसराळूपणा कळला तर वरवंटा हातातून जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या लक्षात आलं होतं, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही.

त्या दिवसांतल्या एका शिवरात्रीला पहिला ग्लास घेऊन तास-दीड तास झाला असेल. काका उठले तर पाय लटपटत होते. भिंतीला धरत, पातेलं ओढत ते मोरीपाशी गेले आणि सगळी थंडाई त्यांनी ओतून दिली. रांगेत गलका झाला.

"भांग दोनदा टाकली मी," ते म्हणाले. "ध्यानात ऱ्हात नाय आता. लई दिवसांपासून व्हतंय असं."

बायकांच्या रांगेत काकू बेलाची पानं घेऊन उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुला नाय सांगितलं," म्हणाले, "पण हितं सांगावं लागलं."

काकूंनी पुढे येऊन त्यांना हाताला धरून पायरीवर बसवलं, पाणी पाजलं.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमची एवढी एक शिवरात्र व्हऊ द्यावी म्हणून गप बसले."

मी मान खाली घातली. गप्प तर मीही बसलो होतो.