मिठाचा हौद

हे मी बायकोपाशीसुद्धा कधी बोललो नाही. ती गेली तेव्हा मनात आलं, आता सांगायचं राहिलंच — आणि खरं सांगू? जरा हायसंच वाटलं होतं. असा मी माणूस. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जीभ सैल होतेय. पण एकदम मुद्द्यावर येता येत नाही मला. विज्ञानाचा मास्तर होतो ना — आधी साहित्य, मग कृती, मग अनुमान. जन्माची खोड आहे, ती जाते का?

तर साहित्य. सत्तरच्या दशकातली गोष्ट, तो मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. मी सेनगावात शाळेवर होतो. गावाच्या कडेला एका बागायतदाराचा मळा होता, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. घरामागं त्यांनी पोरांना पोहायला मोठा हौद बांधला होता. हो, सेनगावात! विहिरीवरच्या इंजिनानं तो भरायचा, पण पाणी बघता बघता हिरवं व्हायचं. ब्लिचिंग पावडर टाकली की पोरांचे डोळे लाल, आणि वास असा की पाहुण्या बाया नाकाला पदर लावायच्या. बापूसाहेबांनी मला विचारलं, सर, यावर काही तोड हाय का?

तोड होती. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन तयार होतो — दरसाल वर्गात मी काचेच्या भांड्यात हे दाखवायचो. तेच मोठ्या मापानं करायचं. मला तर चेवच चढला. हौदात खडेमीठ ओतायचं, रेडिओच्या जुन्या सेलांमधल्या कोळशाच्या कांड्या काढून पाण्यात सोडायच्या आणि ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. एकट्याचं काम नव्हतं, म्हणून मी उत्तमला सोबत घेतलं.

उत्तम म्हणजे आमच्या शाळेचा खेळाचा मास्तर. माझा जिवाभावाचा दोस्त. शिरड शहापूरकडचा, बौद्ध घरातला, नदीत पोहून मोठा झालेला धिप्पाड गडी. आवाज असा की मैदानावर शिट्टीची गरज नसायची. आणि लेकीचा लळा तर विचारू नका! तीनेक वर्षांची माया बापाच्या खांद्यावरून उतरायचीच नाही. हा कवायत घेतोय आणि ती वर बसून त्याचे कान पिळतेय — सगळी शाळा हसायची, तोही हसायचा.

मिठाची पोती त्यानंच पाठीवर वाहिली. बापूसाहेबांची मंडळी ओट्यावरून चिडवत होती, 'काय सर, लोणचं घालून राहिले का?' मीठ तळाशी जाऊन बसलं, विरघळेना. उत्तमनं सदरा काढला, धाडकन उडी घेतली आणि अख्खा हौद घुसळून काढला. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. ते काम होतं ना! कामासाठी पाण्यात उतरलेला माणूस चालतो लोकांना.

माझं यंत्र चाललं. पाणी नितळ झालं, डोळे चुरचुरायचे थांबले, आणि मी गावभर मिरवून घेतलं. पुढं उत्तम दर रविवारी सकाळी बापूसाहेबांच्या पोरांना पोहायला शिकवायला यायला लागला. स्वतःही मनसोक्त पोहायचा. अशाच एका रविवारी बापूसाहेबांच्या सासुरवाडीची माणसं आली होती. त्यांनी त्याला पाण्यात बघितलं. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. पुढचं सांगायला पाहिजे का?

बापूसाहेबांनी मला बाजूला घेतलं. 'माझं काई न्हाई हो सर. पन घरात तकलीफ होऊन राहिली. पाव्हणे म्हंतात, हौद उपसा.' आता उपसून पाणी सोडायचं कुठं? हौदाच्या खालच्या अंगाला सगळी हळद लावलेली होती, आणि खाऱ्या पाण्यानं ती जळाली असती. हळद जाळायची नव्हती आणि पाहुणे दुखवायचे नव्हते. म्हणून त्यांनी मलाच विचारलं — 'तुमच्या त्या करंटनं सगळंच शुद्ध होतं म्हंता न्हवं? मंग हे बी होईल का?'

हे बी. कळलं ना तुम्हाला?

मला लगेच कळलं होतं. आणि तरी मी म्हणालो, 'होईल की. जरा जास्त वेळ चालवतो.' जंतू मारायचं यंत्र मी माझ्या दोस्ताचा विटाळ काढायला चालवलं, पाहुण्यांना जवळ बोलावून बुडबुडे दाखवले, आणि त्यांनी माना डोलावल्या तेव्हा — लाज वाटली, पण ती शाबासकी गोडही लागली. दोन्ही खरं आहे.

थांबा, उठू नका. एवढंच असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

उत्तमला 'आता येऊ नको' हे कोण सांगणार? माझ्यावरच आलं. खरं सांगितलं असतं तर तो भडकला असता, बापूसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला असता, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं असतं — तू कुणाच्या बाजूनं? त्या प्रश्नाला मी घाबरलो. म्हणून मी त्याला म्हणालो, तुझ्या दंडावर काहीतरी दिसतंय बघ, पोरांना लागण होईल. दंडावर काही नव्हतं. खाऱ्या पाण्यानं कातडी जराशी कोरडी पडली होती, बस. मी ती खरवडून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, एक डोळा मिटून बघितल्याचं सोंग केलं, आणि सांगितलं की हे लागणारं दुखणं आहे.

त्यानं वाद घातला नाही. डॉक्टरनं काही नाही म्हटलं, तर तो डॉक्टरलाच हसला. आमच्या सरांनी डोळ्यांनी बघितलंय म्हणे!

मला वाटलं, सुटलो. पण काही आठवड्यांनी त्याची बायको शाळेत आली. डोळे सुजलेले. 'भावजी, हे रोज गंधक चोळून राहिले. ताट येगळं, तांब्या येगळा, हातरूण बाहेर ओसरीत. माया जवळ गेली की वरडतात तिच्यावर. लेकरू रडून रडून झोपतंय. काहून असं? कवा बरं होईल?' ज्याच्या बापाला गावानं वरून पाणी वाढलं, त्याला मी त्याच्याच घरात वेगळं ताट लावून दिलं होतं. आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं वेगळं केलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवून, लेकीच्या काळजीपोटी.

तिच्या मागून उत्तम आला. दारातच थांबला. बाही वर केली आणि हात लांब धरून म्हणाला, 'बघ बाबा, गेलं का?'

गंधकानं कातडी लाल झाली होती, दुसरं काही नव्हतं. 'गेलं' एवढा एक शब्द होता. पण माझ्या मनात काय आलं? गेलं म्हटलं, तर हा येत्या रविवारी हौदावर हजर. मी वाकून नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, 'अजून थोडं राहिलंय.'

त्यानं मान हलवली, बाही खाली घेतली. दोघं मैदानातून निघून गेली, तो चार पावलं लांबून चालत.

वर्षभरात त्याची कळमनुरीकडं बदली झाली. निरोपाला मी हात पुढं केला, तर त्यानं लांबूनच नमस्कार केला. गंधक त्यानं कधी सोडलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. पुढं लग्नाकार्यात आम्ही कितीदा भेटलो, शेजारी बसून जेवलो, त्यानं माझी चेष्टा केली, मी त्याची. प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मागच्या वर्षी उत्तम गेला. मी भेटायला गेलो होतो. माया आता स्वतः सासू झालीय. तिनं मला चहा दिला आणि समोर बसली. म्हणाली, 'काका, बाबांनी आमाला कशाचं कमी पडू दिलं न्हाई. पन मला कधी जवळ म्हणून घेतलं न्हाई हो. लहानपणापासून वाटायचं, माझंच काईतरी चुकलं आसंल. तुमी तर तवापासून वळखता त्यांना. स्वभावच तसा होता का त्यांचा?'

मी चहा संपवला.

'व्हय बाई,' मी म्हणालो. 'पहिल्यापासून तसाच होता.'

'मंग ठीक हाय,' ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.