गाव उठलं तेव्हाची भाकरी

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि सांगलीच्या काही शिकलेल्या मंडळींनी गावोगावच्या जुन्या आठवणी लिहून जपायचं मनावर घेतलं होतं. कृष्णाकाठच्या आमच्या गावचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळामास्तर आणि माझं अक्षर बरं. सुरुवात मी मोठ्या हौसेनं केली. पुढे पुढे कुणी 'आमच्या वेळी' म्हणून घसा खाकरला की मी दौतीचं झाकण लावून टाकायचो.

चावडीवर म्हातारे जमत. तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी भिंतीचा कोपरा बरबटलेला. एकजण बोलता बोलता नाक शिंकरायचा आणि हात खांबाला पुसायचा. ती घाण परवडली. खरी किळस यायची ती त्यांच्या एकसारख्या बोलण्याची. पन्नास वर्षांमागच्या गाठीच्या साथीचं, म्हणजे प्लेगचं, विचारलं की प्रत्येकजण शब्दाला शब्द तेच सांगे. आढ्यावरून उंदीर पडायला लागले, गाव उठलं, माळावर झोपड्या घालून राहिलं. पाटलाची आजारी पोर तेवढी चुकून घरात राहिली. तिला मरीआईनं येऊन रोज दूध पाजलं आणि गाव परतलं तेव्हा पोर जिवंत!

"चुकून म्हणजे?" मी एकदा विचारलं.

"घाई लय हुती, मास्तर. गडबडीत ऱ्हायली," एक म्हातारा म्हणाला.

म्हशी, कोंबड्या, जात्याचा खुंटासुद्धा आठवणीनं नेला होता. हे त्यानंच मला मघाशी अभिमानानं सांगितलं होतं.

ती पोर आता साठीकडे झुकलेली बाई होती. सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं. देवीनं राखलेली म्हणून तिचं लग्न केलं नव्हतं. बापामागे भावाकडे आणि भावामागे पुतण्याकडे पाटीलकी आली होती आणि त्याच घरच्या गोठ्यात आत्ती जन्मभर शेण काढत होती. देवीच्या लाडकीची ही बडदास्त.

मी गेलो तेव्हा ती शेणी थापत होती. दुधाचं विचारलं तसा तिचा हात थांबला.

"दूध कसलं, मास्तर? काखंत गाठ आलती. आई म्हनली, ही काय वाचत न्हाई, हिला नेली तर बाकीची बी जात्याल. उशाला पान्याची घागर ठेवली अन् भायेरनं कडी घातली. म्या ऐकली कडी."

"मग?"

"राखनीला म्हारवाड्यातली मानसं गावात ठेवलीती. त्यातली एक बाई कडी काढून आत आली. मेलेलं उंदीर उचलून टाकलं, मला धुतली-पुसली, भाकरी भिजवून भरवली. रोज यायची. मग एकदा आली न्हाई, ती आलीच न्हाई." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "तिचं नाव मला ठावं न्हाई. तेवढं हुडका अन् लिवा. म्या मरायच्या आत मला एकदा वाचून दावा."

मी तडक महारवाड्यात गेलो. तिथं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. त्या बाईचा मुलगा भेटला. तोही म्हातारा झाला होता. त्यानं आईचं नाव सांगितलं. ती त्याच साथीत गाठ येऊन गेली, हेही सांगितलं. मी लिहायला लागलो तसं त्यानं माझं मनगट धरायला हात पुढे केला आणि न शिवताच मागे घेतला.

"लिवू नगा. पाटलाची पोर वाचवली म्हनून कोन आमच्या पाया पडनार न्हाई. पाटलाची पोर बाटवली म्हनत्याल. आवं मास्तर, तुमी लिवशीला अन् बदलीवर जाशीला. आमास्नी हितंच ऱ्हायाचं हाय."

मी वही मिटली. आत्तीला सगळं सांगितलं, नावासकट. तिनं ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "मग नगा लिवू," ती म्हणाली. पुढं कितीतरी वेळ तिनं शेणाला हात लावला नाही.

या गावात पोरीला कोंडून कडी घातली याची कुणाला लाज नव्हती. तिनं कुणाच्या हातची भाकरी खाल्ली याची मात्र सगळ्यांना शिसारी आली असती! पाटलाला, म्हणजे आत्तीच्या त्या पुतण्याला, माझ्या फेऱ्यांचा सुगावा लागलाच. तो घरी आला, माझा चहा प्याला, बशी चाटूनपुसून ठेवली आणि गोड हसत म्हणाला, "दुधाचंच लिवा, मास्तर. आमच्या सोयरिकी जुळायच्या हायती. जत्रंत आत्ती सोताच्या तोंडानं सांगंल, मग तर झालं?" तो गेल्यावर ती कपबशी मी राखेनं तीनतीनदा घासली.

जत्रेला सगळा गाव मरीआईच्या देवळापुढे लोटला. दरवर्षी या दिवशी आत्तीला नवं लुगडं नेसवत आणि देवीपुढच्या दुधाचा पहिला पेला तिला देत. पाटलानं पेला तिच्या हातात दिला आणि लिहून घ्या अशी मला खूण केली. महारवाड्यातली माणसं नेहमीसारखी लांब उभी होती. त्या बाईचा म्हातारा मुलगाही होता त्यांच्यात.

"पी की गं आत्ती. अन् मास्तरास्नी सांग, मरीआईनं तुला काय पाजलं ते."

आत्तीनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पचकन पाटलाच्या पायांवर थुंकला.

"दूध न्हवतं. भाकरी हुती."

पाटील लालबुंद होऊन ओरडला, "भाकरी? कुनाची भाकरी?"

आत्तीनं त्या लांबच्या माणसांकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "माज्या आईची न्हवं. एवढंच लिवा, मास्तर."