उजवीकडचं टिकलं

"जरा आ करा बघू."

आमच्या जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात, वांगी निवडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून आमचे दातांचे डॉक्टर असं म्हणायचे. माणूसही पिशवी सांभाळत तोंड उघडायचा. डॉक्टर त्याची हनुवटी उजेडाकडं फिरवून आत बघत आणि बहुतेक वेळा नुसतं "हं" म्हणून पुढं चालू लागत. त्या 'हं'चा अर्थ मला ठाऊक होता. त्यांनी भरलेला दात पुन्हा उघडा पडलेला असायचा.

माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागूनच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते इथं आले. बायको वारलेली, मुलगी नांदेडला. दात उपटायला आलेल्यांशी ते वाद घालत. "उपटायला सुतारही चालतो. ठेवायला मी आहे."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर पाहिलंच असेल, राखुंडी नि मिसरी घासून घासून माणसांच्या दातांना मुळाशी खाचा पडतात. मग गार पाणी लागलं की जीव कळवळतो. डॉक्टर त्या खाचांत दाताच्या रंगाचं सिमेंट चिकटवत. वर्ष-दोन वर्षं सुखाची जात. मग ते निखळायचं.

शिरड शहापूरकडून मेंढरं राखणारी एक मावशी यायची. एकदा तिनं पदराची गाठ सोडून निखळलेल्या सिमेंटचे दोन बारीक तुकडे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"हे तुमचं तुमीच ठेवा, डाक्तर. माझ्या तोंडात काई ऱ्हाईना."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टरही हसले. पण त्या दुपारी त्यांनी दवाखाना लवकर बंद केला. जाताना मला म्हणाले, "माझा हातच वाईट."

पुढं काही वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, ते दंतवैद्यकाचं एक मासिक घेऊन दुकानात आले. इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दोष हाताचा नव्हता हो!"

त्यांनी मला समजावलं. चिकटवण्याआधी दाताला आम्ल लावतात. त्यानं दाताच्या आतले अगदी बारीक धागे उघडे पडतात आणि सिमेंट त्यांनाच धरून बसतं. पण त्याच आम्लानं दातात निजलेले एन्झाइमही जागे होतात आणि ते धागे हळूहळू खाऊन टाकतात.

"चोर घरातलाच," ते म्हणाले. त्याला अडवणारं औषध होतं क्लोरहेक्झिडीन. गुळण्यांच्या बाटल्यांतून मी ते रोज विकत होतो. सिमेंटच्या आधी ते दाताला लावायचं, एवढंच.

"मग कायमचं टिकेल?"

"कायमचं काय असतं? लांबेल."

मावशीला त्यांनी खुर्चीत बसवून सरळ विचारलं, "उजवीकडं नवं औषध लावतो, डावीकडं जुन्या पद्धतीनं. कोणतं टिकतं ते बघायचंय. नको असेल तर नको म्हणा."

"दोन्हीकडं काहून लावत न्हाई?"

"मग मला कळणार कसं, मावशी?"

तिनं थोडा विचार केला. "बरं. कळू द्या तुमाला."

दोनेक वर्षं गेली. डॉक्टरांचा चहा बशीत सांडू लागला. सदऱ्याचं बटण लावायला त्यांना वेळ लागू लागला. कंपवाताच्या गोळ्या ते माझ्याकडूनच नेत, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नसू. पेशंट मात्र हात बघत आणि दारातून परत फिरत.

मावशी आली तेव्हा डावीकडचं निघालेलं होतं. डॉक्टर उजवीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली.

"या, तुम्हीही बघा. धरून आहे!"

मला तो चारचौघांसारखाच एक दात दिसला. डॉक्टरांचे डोळे भरले होते.

"मंग आता डावीकडं बी तेच लावा की," मावशी म्हणाली.

त्यांनी हत्यार उचललं. हात थरथरला. त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं, तसे दोन्ही हात थरथरू लागले. मावशी तोंड उघडं ठेवून वाट बघत होती. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं.

"आज नको, मावशी."

"मंग कवा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हात जरा बरा झाला की."

"मी थांबते," ती म्हणाली.

दिवाळीनंतर मुलगी आली आणि त्यांना नांदेडला घेऊन गेली. नंतर दर बाजाराला मावशी माझ्या दुकानापाशी थांबून विचारी, "आले का डाक्तर?" मी नाही म्हणे. वसमतला दुसरे डॉक्टर आहेत, त्यांना ते औषध लावायला सांगू, असंही मी सुचवलं. तिनं नुसतीच मान हलवली. ती गेली नाही.

एका उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. पुढच्या बाजारी मावशी आली तेव्हा मी तिला डॉक्टर गेल्याचं सांगितलं. ती पायरीवर बसली. मग गालावरून हात फिरवत म्हणाली, "उजवीकडचं हाय अजून."

उठून तिनं पदर खोचला.

"डावीकडचं ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाली, आणि बाजाराकडं चालू लागली.