आप्पांचं बाकडं

आमच्या मानसशास्त्र विभागाच्या क्लिनिकबाहेर बाकड्यावर बसणारे शिपाई आप्पा साऱ्या जगाशी ओरडून बोलत. उमेदीची वर्षं सुरतेजवळ कडोदऱ्याला यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, त्यात दोन्ही कान गेले. अशा माणसाला ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसवणाऱ्याला मी मनोमन हात जोडले होते.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही विद्यार्थ्यांनी पेशंटशी बोलायचं आणि आमच्या बाईंनी चुका काढायच्या, अशी पद्धत. मराठी येणारी मी एकटी, म्हणून कतारगाम, पर्वत पाटिया या वस्त्यांतले खानदेशी कामगार माझ्या वाट्याला. ठरलेल्या केस पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे, आणि माझे पेशंट दारातूनच परत जात.

कारण आप्पा. पेशंट बाकड्यावर टेकला, की आप्पा तंबाखू मळत विचारत, "मंग, काय व्हयनं?" मग त्याच्या तोंडाकडे बघत बसत. अधूनमधून नुसतं "मंग?" अर्ध्या तासानं पेशंट डोळे पुसून म्हणे, "आते बरं वाटस," आणि चालू लागे. आत मी कोरी फाइल घेऊन माश्या मारत बसलेली.

एकदा माझा संयम सुटला. त्यांच्या कानाशी ओरडले, "आप्पा, त्याचं काही ऐकू तरी आलं का?"

"नही ना, ताई! म्हनीसन तर लोके सांगतस!"

बाईंकडे तक्रार केली, तर त्यांनी मलाच आठवडाभर आप्पांशेजारी बसवलं. मला भयंकर अपमान वाटला. शिवाय दोन मिनिटांत मी कुणाला तरी सल्ला द्यायला लागे आणि आप्पा माझ्यापुढे पाण्याचा पेला धरत. तोंड बंद राहावं म्हणून.

शेवटी एक केस कमी पडलीच. मुदतीच्या शेवटच्या दुपारी मी रडवेली बसले होते. आप्पा आत आले, दार लावलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. "आज मी पेशंट. लिखी ल्या."

मी कागदात डोकं घालून पाठ केलेले प्रश्न विचारले. एकही त्यांना पोचला नाही. मग मी प्रश्न विचारणंच सोडलं. तेव्हा ते, अर्थात ओरडूनच, म्हणाले, "नात बोलाले लागनी, ताई. घरमा समदा हासतस. मी बी हासस. ती काय बोलनी, ते माले माहीत नही."

गुप्ततेचा नियम केव्हाच धाब्यावर बसला होता. बाहेरचा कॉरिडॉर चिडीचूप झाला होता. मला रडू आवरेना. पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, "मंग?"

आप्पा तासभर बोलले. उठताना डोळे पुसत म्हणाले, "आते बरं वाटस."