गाडीच्या दारावरचा माळ

ताजुन्निसाचाचींना चित्रांबद्दल काही विचारायला जा, त्या हात झटकून मोकळ्या होतात. ‘मला काय कळतंय त्यातलं, माझी शाळा सातवीपातूर,’ म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. पण तळेगावहून चाकणला येताना दिसणारा तो लांबचा डोंगर कुठल्या महिन्यात कुठल्या रंगाचा असतो, हे विचारून बघा. श्रावणात ट्रॅक्टरचा हिरवा, दिवाळीनंतर शाळेच्या बसचा पिवळा, आणि मे महिन्यात नुसता प्रायमर, राखाडी. बाई खडान्‌खडा सांगतील, आणि वर ‘मला काय कळतंय’ आहेच.

ही विद्या त्यांना नवऱ्यानं दिली. जहीरचाचांचं चाकणच्या रस्त्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, रंग मारायच्या दोन गन आणि पुढं ठोकर खाल्लेल्या गाड्यांची रांग. आता आपल्या ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी लाइट जाणार, लाइट नाही तर कॉम्प्रेसर नाही, कॉम्प्रेसर नाही तर गन मुकी. बाकीचे गॅरेजवाले त्या दिवशी तंगड्या पसरून झोपायचे. जहीरचाचा आठवड्याचे उरलेसुरले रंग चहाच्या ग्लासांत भरायचे, वर प्लॅस्टिक बांधायचे, भंगारातला एखादा पत्रा घ्यायचे आणि महाळुंग्याच्या माळावर जाऊन बसायचे. कुणाचं बॉनेट, कुणाच्या टेम्पोचा फाळका, ठोकून सरळ केलेला. त्यावर माळ, डोंगर, आभाळ. कागदावर त्यांनी उभ्या जन्मात एक रेघ ओढली नाही. ‘कागद रंग पिऊन टाकतो, पत्रा परत देतो,’ असं म्हणायचे.

लग्नाला दोन महिने झाले असतील, तेव्हा एका गुरुवारी त्यांनी बायकोलाही बरोबर नेलं. ‘येतीस का?’ एवढंच विचारलं. येते म्हणाल्या. एम-ऐंशीवर पुढं नवरा, मागं नवी नवरी, आणि नवरीच्या मांडीवर एका जुन्या फियाटचं अख्खं दार. लोक हसले असतील, हसू देत. दाराला काच नव्हती. चाचींनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि सगळी वाट त्या खिडकीच्या चौकटीतून बघत गेल्या. आत बाभळी येत होत्या, मेंढरं येत होती, एक विहीर आली आणि गेली. आपण रस्त्यानं चाललोय की माळच आपल्या मांडीवरून सरकतोय, ते त्यांना कळेना. इतकं सुख झालं की आपल्याला काहीतरी बाधलंय का काय, अशी त्यांना भीती वाटली.

माळावर एकच हिवराचं झाड होतं. चाचा म्हणाले, तिथं बस. त्या बसल्या. पोपटी ओढणी होती अंगावर. दुपार उलटेपर्यंत चाचांनी दाराच्या पत्र्यावर तो सगळा माळ उतरवला, लांबचा डोंगर उतरवला, आणि झाडाखाली बोटाच्या पेरभर उंचीची पोपटी ताजुन्निसा. ऊन इतकं मऊ होतं म्हणे, की चाची बसल्या बसल्या पेंगल्या, आणि डोळे उघडले तेव्हा खरा माळ कुठला आणि दारावरचा कुठला, ह्याचा अंमळ घोटाळाच झाला. ते दार गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरच्या वर उंच टांगलं गेलं.

मग माळावर कंपनीच्या हद्दीचे दगड रोवले गेले, आणि दगडांमागून तारेचं कुंपण आलं. आता माणूस काय करील, नवा पत्रा घेईल, नवं चित्र काढील. बाकीच्या बाबतीत चाचा तेच करायचे. पण हे एक दार त्यांनी खाली उतरवलं, त्यावर राखाडी प्रायमर मारला आणि तोच माळ कुंपणासकट पुन्हा काढला. शेड उभी राहिली, पुन्हा काढला. धुराची चिमणी आली, विजेचे मनोरे आले, मालाच्या ट्रकांची रांग आली. ‘जे हाय ते काढावं,’ हे त्यांचं म्हणणं. असं एकूण पाच वेळा.

पहिल्या वेळेला चाची डबा घेऊन गॅरेजमध्ये गेल्या होत्या. दार जमिनीवर आडवं पडलेलं, वरून खालपर्यंत राखाडी. एका ठिकाणी वर्तमानपत्राचा कपटा चिकटलेला, तसे गॅरेजमध्ये सगळीकडेच चिकटलेले असतात. चाचींनी डबा ठेवला आणि आल्या पावली परतल्या. मला पुसून टाकलं. एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि जे आलं ते तिथंच ठाण मांडून बसलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या भांडल्या नाहीत, हूं की चूं केलं नाही. फक्त पुढच्या गुरुवारी नवऱ्यानं दारातून डोकं आत घालून ‘येतीस का?’ विचारलं, तेव्हा म्हणाल्या, ‘न्हाई, कामं हायती.’

त्यानंतर दर गुरुवारी हेच. त्यानं विचारायचं, हिनं कामं सांगायची. मुलं झाली, मोठी झाली, सनाचं लग्न झालं, नुमान कंपनीत लागला, आणि चाचींची गुरुवारची कामं काही संपली नाहीत. चाचाही असे की, विचारायचं कधी चुकवलं नाही आणि का येत नाहीस, हे कधी विचारलं नाही. दोघंही एका माळेचे मणी. गॅरेजमध्ये गेल्या तरी चाची मान वर करून त्या दाराकडं बघायच्या नाहीत. बघितलंच चुकून, तर धुळीखाली कंपनीचं गेट दिसायचं आणि गेटच्या खांबाला लागून एक मळकट झुडूप.

दोन वर्षांमागं चाचा झोपेतच गेले. शेड रिकामी करायची वेळ आली तेव्हा एकतीस पत्रे निघाले. सना चिंचवडच्या शाळेत शिकवते, तिनं मनावर घेतलं की अब्बांच्या चित्रांचं पुस्तक काढायचं. नाव ठरलं ‘गुरुवारची चित्रं’. पत्रे घरी आले आणि चाचींच्या घराला माळाचं रूप आलं. पलंगाला टेकून पावसाळा, फ्रिजच्या बाजूला उन्हाळा, मोरीच्या भिंतीला एक भलं मोठं संध्याकाळचं आभाळ. चाची पहाटे नमाजाला उठायच्या आणि अर्धवट उजेडात त्या डोंगरांमधून वाट काढत चालायच्या. कधी कधी वाटायचं, जरा आणखी चार पावलं टाकली तर पलीकडं चहाचे ग्लास घेऊन बसलेला माणूस भेटेल.

फोटो काढणं सोपं नव्हतं. पत्रा तो, चमकतो. गच्चीवर दोऱ्यांना पांढऱ्या चादरी बांधून, ढगाळ दिवस धरून सनानं एकेक पत्र्याचे फोटो काढले. चिंचवडच्या छापखान्यातले श्यामराव ते बघून म्हणाले, सगळी छान आहेत, पण मुखपृष्ठावर ते गाडीचं दार घ्या, तसलं कुठं बघायला मिळणार नाही.

दार मात्र खालच्या कडेनं गंजत चाललं होतं. गंज काढल्याशिवाय टिकणार नाही म्हणून नुमाननं ओला पाणी-पेपर घेऊन ती कड घासली. नुमान कंपनीच्या पेंट शॉपमध्ये आहे. तिथं रंग रोबोट मारतात, हा नुसता बघतो, पण हात अब्बांनी घडवलेला. दोन बोटं जागा घासली आणि थर उघडे पडले, एकाच्या आत एक कडी. राखाडी, तांबूस, राखाडी, निळसर, अशा राखाडीच्याच पाच कड्या, आणि सगळ्यात आत गवताचा पिवळा.

सना खालीच बसली. म्हणाली, ‘दादा, खाली जुना माळ आहे. कंपनी यायच्या आधीचा. सगळं घासून काढ, तोच छापू या.’

नुमाननं मान हलवली. ‘घासलं की परत येत नाही, सना. वरचं अब्बांनी जायच्या आदल्या वर्षी काढलंय. हा मनोरा बघ. रेघ थरथरलीय. त्यांचा हात आहे तो.’

दोघांचं बराच वेळ चाललं. एकाला शेवटचं सोडवेना, दुसरीला पहिलं हवं होतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी दोघांनी आईकडं बघितलं. चाची ओट्याला टेकून उभ्या होत्या.

‘घास,’ चाची म्हणाल्या.

नुमान म्हणाला, ‘अम्मी, नीट विचार कर.’

‘सव्वीस वर्षं केला इचार. त्याच्यात मी हाय. झाडाखाली बसलेली. तुमच्या अब्बांनी मला काढलं आणि मग वरून रंग मारला. गेटं काढली, चिमण्या काढल्या, मला काय पुन्हा काढलं न्हाई. मला एकदा बघायचंय.’

पोरांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सना आईकडं बघतच राहिली. नुमान उठला, बादलीत साबणाचं पाणी घेऊन आला. घासण्याआधी पत्रा धुवायचा असतो, वर्षानुवर्षांची गॅरेजमधली रंगाची भुकटी बसलेली असते त्यावर. ‘कुठं बसली होतीस?’ त्यानं विचारलं. चाचींनी बोट ठेवलं. झाड आता नव्हतंच, तिथं गेटचा खांब होता.

नुमाननं तेवढी जागा धुतली. मग आपल्या ओल्या हाताचा तळवा त्यावर फिरवायला लागला, डोळे मिटून. रंगारी पत्रा असाच बघतात, डोळ्यांना फसवता येतं, तळव्याला येत नाही, हे अब्बांनीच शिकवलेलं. हात एका जागी थांबला. पुन्हा मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला. चाचींना वाटलं, पत्रा आतून सडला की काय.

‘अम्मी, हात दे.’

त्यानं आईचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. खांबाशेजारी बोटाच्या पेराएवढी जागा किंचित खोलगट होती. तिला चारी बाजूंनी बारीक, सरळ कड होती, नखाला लागेल एवढी.

‘ही टेपची कड आहे,’ नुमान म्हणाला. ‘गाडी रंगवताना जिथं रंग जाऊ द्यायचा नाही, तिथं कागद लावून टेप मारतात. काचेवर, रबरावर. अब्बांनी पाच वेळा दार रंगवलं, अम्मी. पाचही वेळा इथं कागद लावला. इथं दुसरा थरच नाही.’

चाचींनी वाकून बघितलं. धूळ गेलेली. गेटजवळचं ते मळकट झुडूप झुडूप नव्हतंच. पोपटी ओढणी होती, काल मारल्यासारखी, आणि ओढणीत पेंगुळलेली एक पोर. मागचा माळ गेला, डोक्यावरचं झाड गेलं, भोवती कुंपण आलं, चिमण्या आल्या, ट्रक आले, आणि ही आपली तिथंच बसलेली, नवऱ्यानं बस म्हटलं होतं त्या जागी.

चाचींना रडू फुटलं, आणि रागही तेवढाच आला. एवढं एक वाक्य तोंडानं सांगता येत नव्हतं का ह्या माणसाला? आणि आपल्याला मान वर करून नीट बघता येत नव्हतं? किती गुरुवार होतात इतक्या वर्षांत, ते त्यांनी मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. चहा ओट्यावर गार झाला. त्यांनी बोट त्या खळग्यातून काढलं नाही.

दार कुणी घासलं नाही. नुमाननं खालचा गंज तेवढा मारला, थरांच्या कड्या तशाच उघड्या ठेवल्या आणि वरून पातळ लॅकर दिलं. मुखपृष्ठ तेच झालं. आतही ते पानभर होतं, आणि प्रत्येक चित्राखाली सनानं एक ओळ लिहिली होती, महिना कुठला, पत्रा कुठल्या गाडीचा. दाराखाली काय लिहू, हे तिनं आईला विचारलं.

चाची म्हणाल्या, ‘त्यांनी येतीस का म्हणून विचारलं होतं. लिही, येते.’

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून श्यामरावांचा फोन आला. बाकी सगळीकडं पूर्ण ओळ आहे, ह्या पानावर एकच शब्द दिसतोय, पुढचं टाइप करायचं राहिलं का? सना म्हणाली, नाही, एवढंच आहे, छापा.