संजीवनीच्या नऊ कुप्या

बातमी आली तो साधा बुधवार होता. लखनऊला गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भेंडी पुसत होते. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या तिवारीजींचा फोन आला, "भाभीजी, पहले आप बैठ जाइए." मिलिंद मीटिंगमध्येच गेला होता. हार्ट अटॅक.

आता लोक भेटायला येतात आणि मिलिंद आणि तिवारीजींच्या रविवारच्या व्हिडिओ गेमचेच किस्से निघतात. एक काढला की चार हजर!

गेम पाळीपाळीने लढायचा. एक वार आपला, मग एक राक्षसाचा. आपला वार होईपर्यंत राक्षस तलवार उपसून नुसता डुलत उभा! मी वैतागून विचारलं, "हा मारत का नाही?"

तिवारीजी म्हणाले, "भाभीजी, दुश्मन भी लखनऊ का है! कहता है, पहले आप!"

एक मात्र मान्य. हाक मारली की मिलिंद लगेच जेवायला उठे. निवांत जेवून, ताटं विसळून परत जाई, राक्षस तिथेच! "तुझ्यापेक्षा समजूतदार आहे," म्हणायचा.

पण गेममधला रस्ता? दोन पावलं टाकली की लांडगा! तो मारा, दोन पावलं चाला, पुन्हा लांडगा. अख्खा रविवार एक पूल ओलांडण्यात गेला. बारावीतली आमची सई चिडली, "पापा, इतने में तो पैदल हज़रतगंज पहुँच जाते!"

आणि खलनायकाचं भाषण! ते बंद करायची सोयच नाही. मिलिंदला डुलकी लागली. जागा झाला तरी खलनायक बोलतच होता. "आमचे रीजनल मॅनेजर," असं म्हणून मिलिंद पुन्हा झोपला.

तेराव्यानंतरच्या रविवारी तिवारीजी आले. सईने मिलिंदचा अर्धवट राहिलेला गेम लावला. त्याने गेममधल्या बॅगेत औषधाच्या नऊ कुप्या जमवल्या होत्या. लढाईत मेलेल्याला एक पाजली की तो उठून बसतो. तिवारीजी तिला संजीवनी म्हणत.

पुढच्याच प्रसंगात गोष्टीतले म्हातारे गुरुजी एका बाणाने पडले. बाकीचे भोवती उभे राहून रडू लागले.

"अंकल, संजीवनी!" सई ओरडली.

"बिटिया, जो कहानी में मरता है, उस पर नहीं चलती."

"किसने बोला? नौ पड़ी हैं!"

तिने बॅग उघडली. पहिली कुपी. पडद्यावर आलं, आता वापरता येणार नाही. दुसरी. तिसरी. नववीपर्यंत तेच. मलाही संताप आला. गेममध्ये हे औषध ज्यांनी घातलं, गुरुजींच्या वेळी त्यांनाच ते आठवू नये?

मग गेमने विचारलं, जुना खेळ पुसून इथवरचा सेव्ह करायचा का? मिलिंदच्या त्या जुन्या खेळात गुरुजी अजून जिवंत होते. सईने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही सेव्ह केलं नाही.