भट्टी आज मी मुद्दाम उघडली

काचेचे तुकडे रचून भट्टीत वितळवायचे आणि त्यातून चित्रं करायची, हे माझं काम. आटगावजवळच्या घरात मी एकटीच राहते. भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढा एकच नियम कडक.

आज सकाळी शेजारच्या काकी आमच्या बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडायला आल्या. दर हिवाळ्यात राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन आधी भाजायला, त्या नेतात. मागे उरतो तो बोडका ऐनच मी काचेत केला होता. तो पडवीतल्या भट्टीत गार होत होता.

"काकी, चहा घ्या ना."

"नाय गो, टाइम नाय." भारा त्यांच्या डोक्यावर होता.

कितीतरी दिवसांत घरात कुणी आलं नव्हतं. म्हटलं, "थांबा, तुमचं झाड दाखवते." आणि झाकण उचललं.

गार वारा आत गेला. टिक्क आवाज झाला, बुंध्यातून चीर गेली.

काकींनी भारा खाली ठेवला. "आपलाच ऐन हाय गो. पन तडकला ना. उघडलंस कशाला?"

"विसरले," म्हटलं.

विसरले नव्हते. काकी चहाला थांबल्या.

कुणी थोडा वेळ थांबावं म्हणून तुम्ही कधी काय मोडलंय?